फोन आडवा केला तरी

संयोगितासारखी प्रोग्रामर सांगलीत दुसरी नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही. लगेच डोक्यावर बसली असती.

विहिरीचा गाळ काढायला उतरणाऱ्या माणसाच्या छातीला पट्टा बांधायचा आणि त्याच्या हृदयाचे ठोके काठावर फोनवर बघायचे, असं आमचं अ‍ॅप. आत वायू कोंडला तर माणसाच्या आधी आकडा सांगतो. अडचण एकच होती. फोन आडवा केला की अ‍ॅप जुना स्क्रीन मोडून नवा उभा करायचं आणि त्या गडबडीत पट्ट्याशी जोडणी तुटायची. तेवढ्या वेळात खालच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. संयोगितानं जोडणी स्क्रीनकडून काढून मागे गुपचूप चालणाऱ्या सर्व्हिसकडे दिली. स्क्रीन कितीही मोडोत, ती सर्व्हिस पट्टा सोडत नाही. नवा स्क्रीन आला की त्याच्या हाती आकडा देते. ऐकायला सोपं आहे. मी त्यावर महिनाभर डोकं आपटून घेतलं होतं.

चाचणीला आम्ही कडेगावला तिच्या चुलत्यांच्या विहिरीवर गेलो. जोतीरामतात्या फौजेतून निवृत्त झालेले, अंगानं काटक. पट्टा बांधून स्वतःच उतरले. भर दुपार, उसाच्या वाळल्या पाचटाचा वास, खाली गुडघाभर गढूळ पाणी. दोर दोन गड्यांच्या हातात होता. मी फोन उभा, आडवा, पुन्हा उभा करत होतो. बासष्ट. आकडा एकदाही गेला नाही. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मध्येच दोराला खालून हिसका बसला. आकडा शांत होता, म्हणून मी गड्यांना थांबवलं. दुसऱ्या हिसक्याला त्यांनी माझं न ऐकता ओढलं.

तात्या वर आले ते काळेनिळे पडलेले. बराच वेळ नुसते धापा टाकत बसले.

"जीव घाबरला, दोर हालिवला," ते मला म्हणाले. "तुमी बघतच बसला व्हय?"

"ठोके बरोबर होते की, तात्या," संयोगिता म्हणाली.

"माजं कुटलं? पट्टा तर उतरल्या उतरल्या सुटून गाळात गेला, पोरी."

कातडीला टेकल्याशिवाय तो पट्टा मोजत नाही. पाण्याखालून त्याचा सिग्नलही येत नाही.

फोनवर बासष्ट होते.

संयोगितानं सर्व्हिस बंद केली. मग फोनच बंद केला. परत चालू केला, तर बासष्ट.

मी काठावरून वाकून पाहिलं. बासष्ट.

ती वाकली. बासष्ट.

तात्या उठून वाकले.

त्र्याण्णव. एकशे अठरा.

संयोगितानं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. आकडा सावकाश उतरत बासष्टवर येऊन थांबला.