शेजारच्या टेबलावरची जुळणी

"माझं पिपेट तू घेतलंस?"

"घेतलं… आणि परत ठेवलं की. पुसून."

"कशानं?"

"रुमालानं. धुतलेला होता—"

तिनं कपाळावर हात मारला. अख्ख्या प्रयोगशाळेत या प्राण्याला नेमकं तिच्याच शेजारचं टेबल मिळावं!

तिचं काम जीवाणूंच्या जनुकांत इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या एका तुकड्यावर. त्याचं काम रायबोसोमच्या आरएनएवर. पेशीत प्रथिनं बनवणारं ते यंत्र पिढ्यान्‌पिढ्या फारसं बदलत नाही. दोघांचा काडीचा संबंध नाही. आणि एक दिवस संगणक म्हणाला, आहे. तिच्या उडत्या तुकड्यात त्याच्या आरएनएसारखी जनुकीय अक्षरांची सबंध ओळ!

"भेसळ," दोघांच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "त्याचा थेंब तुझ्या नळीत पडला असणार. पुन्हा कर सगळं. जुळणी गेली, तर तुझे सगळे नमुने बाद; प्रबंध विसर."

दोन वर्षं पाण्यात! तिनं टेबलांमध्ये चिकटपट्टी मारली.

"याच्या अलीकडे शिंकायचंसुद्धा नाही."

"आई म्हणायची, कुणाच्या डब्यात हात घालू नकोस. नळ्यांचं काही बोलली नव्हती… बरं, बघायचं तरी?"

"तेही नाही!"

तो मुकाट्यानं सामान उचलून फ्रीजच्या घरघरीशेजारी जाऊन बसला. आता पिपेट जागच्या जागी असायचं. त्याचाच तिला जास्त राग यायचा.

नवी द्रावणं, नव्या नळ्या. एका नळीत नुसतं पाणी. भेसळ असलीच तर तिथेही दिसावी म्हणून.

पाण्याची नळी कोरी निघाली.

जुळणी मात्र… जागेवरच होती!

अशा वेळी दोन ओळी वर-खाली मांडतात. जुळत नाही तिथे रेघ:

ती: सॉरी — पण पिपेट — —
तो: — अं? पण पिपेट पुसलं होतं!

"पुरे!" तिनं चर्रकन पट्टी उपटली. "ये परत."

"कोण कुणाकडून आलं मग? तुझं माझ्याकडे, की माझं तुझ्याकडे?"

"शोधावं लागेल. दोघांनी."

"वेळ लागेल?"

"तुझ्यासारखा सोबतीला असल्यावर? जन्म जाईल."

"चालेल," तो म्हणाला… आणि हात पुढे केला. तिच्या पिपेटकडे, अर्थात! तिनं तो वरच्यावर पकडला.

"आधी हातमोजे."

"त्यासाठी हात सोडावा लागेल."

तिनं डोळे वटारले. मग पिपेटकडे पाहिलं. मग हाताकडे…

"राहू देत," ती वैतागून म्हणाली.