फक्त तिच्या पाळीला

त्या दुपारी ती वेधशाळेत आली ती भांडायच्या तयारीनेच. फाटकावर फोन जमा केला, पहारेकरीकाकांच्या "जेवलात का, ताई?"ला नुसती मान हलवली आणि तरातरा आत गेली.

कारणही तसंच होतं. महिनाभर त्यांच्या रेडिओ दुर्बिणीला आकाशाच्या एका रिकाम्या कोपऱ्यातून एक क्षीण संकेत मिळत होता. सावकाश चढायचा, ओसरायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा चढायचा. असा तारा कुणाच्या पाहण्यात नव्हता. उद्या वेधशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, तो जगाला जाहीर करणार होते, आणि शोधणारी म्हणून पहिलं नाव तिचं होतं. फक्त एक गोष्ट तिच्या गळी उतरत नव्हती. संकेत यायचा तो तिच्याच पाळीला, ती कामावर असतानाच.

आणि खोटे संकेत मिसळायचं काम दादाकडे होतं. दादा म्हणजे तिचा तिथला वरिष्ठ सहकारी. यात चेष्टा काही नव्हती, कामाची रीतच तशी. शोधणारे जागे आहेत का ते पाहायला एकाने गुपचूप नकली संकेत घालायचा आणि जाहीर करण्याआधी कबूल करायचं. दादाने अजून कबूल केलं नव्हतं.

"खरं सांग, तूच घातलायस ना?"

"घाईबाई, आधी बस तरी."

"बसत नाही. माझं हसं झालं तर होऊ दे. पण माझ्या नावावर खोटं खपवायचं नाही."

"अगं, नाही घातला! आता काय लिहून देऊ?"

तिने कपाटातून हातात धरायचा अँटेना काढला आणि त्याची तार पडद्याला जोडली. सैल वायर, कुणी चोरून आत आणलेला फोन, असला गोंगाट ते त्यानेच हुडकत. तिने तो दादाच्या टेबलावर रोखला, खणांवर रोखला, त्याच्या खिशांवरसुद्धा. नुसती खरखर.

"झाली झडती? आण इकडे. आता फिर्यादीची घेऊ." दादाने हसत अँटेना तिच्याकडे वळवला.

पडद्यावरची रेघ चढली. ओसरली. थांबली. पुन्हा चढली.

दादाचं हसू मावळलं. खोलीत तापलेल्या तारांचा वास होता.

"श्वास रोख..." तो पुटपुटला.

तिने रोखला. रेघ सपाट झाली. सोडला, तशी चढली.

तिच्या अंगावर सरकन काटा आला. पण संशय तेवढाच चिवट. दादाचा एक हात टेबलाखाली होता.

"दोन्ही हात वर ठेव," ती म्हणाली. "मी फाटकाबाहेर जाऊन येते. मी नसताना रेघ थांबली, तर संकेत आकाशातला नाही, माझाच; मग सरांना सांगून उद्याची घोषणा मीच रद्द करते."

ती उन्हात फाटकापर्यंत गेली. काकांच्या बाकावर टेकली. पण स्वस्थ बसवेना. थोड्याच वेळात जवळजवळ धावतच परतली आणि दारात धापा टाकत थबकली.

दादाची पाठ तिच्या खुर्चीकडे होती. एका कानावर हेडफोन, डोळे पडद्यावर, दोन्ही हातांनी धरलेला अँटेना खांद्यावरून मागे, त्या खुर्चीवर रोखलेला. रेघ संथपणे चढत-उतरत होती.

"लगेच आलीस की," तो मागे न बघता हलकेच म्हणाला. "बसलीस ना? हलू नकोस... आता श्वास रोख."

रेघ सपाट झाली.

"दादा..."

आवाज दाराकडून आला तसा तो गर्रकन वळला. तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती.

टेबलावरचा तारेचा फोन वाजू लागला. सरच असणार, उद्याचं नक्की ना, विचारायला. दोघांपैकी कुणाचाच हात पुढे होईना.

रेघ अजून सपाटच होती. आणि तिच्या खुर्चीची दबलेली गादी, कुणीतरी नुकतंच उठावं तशी, सावकाश फुगत वर येत होती.