जाहिरातीतले हात

हात द्यायचे आणि फोटो घ्यायचा, एवढा सरळ हिशेब रजतने मनात मांडला होता.

फोटो श्वेताबरोबरचा. रोज संध्याकाळी मालिकेत रडणारी ही श्वेता पाहायला रजतचे वडील बाबाराव नागपूरच्या इतवारीतलं भांड्यांचं दुकान लवकर बंद करत. पोरगा शोरूममध्ये गिऱ्हाइकांना घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवून दाखवतो, हे मात्र ते कुणाला सांगत नसत. "इलेक्ट्रॉनिक्सच्या लायनीत आहे," म्हणत आणि विषय बदलत. तो फोटो दुकानाच्या भिंतीवर लागला, की विषय बदलायची गरज उरणार नव्हती. नफाच नफा!

त्या ऑर्गनच्याच जाहिरातीचं शूटिंग रामदासपेठेतल्या एका बंगल्यात होतं. चेहरा श्वेताचा, वाजवणारे हात एका शिक्षिकाबाईंचे, असं ठरलेलं. बाई ऐनवेळी तापाने झोपल्या. श्वेताचं विमान संध्याकाळचं. दिग्दर्शकाची नजर ऑर्गन जोडायला आलेल्या रजतच्या लांबसडक बोटांवर गेली. "हेच हात! फक्त जरा… साफसूफ करून घ्या."

साफसूफ करणारी स्वयंपाकघरात मेण गरम करत उभी होती. सोनिका तिचं नाव. मेकअपवाल्या दिपालीताईंच्या हाताखाली काम करायची, कोराडीहून पहिल्या बसने आलेली. तिने रजतची बाही वर सारली आणि डोळे मोठे केले.

"बाप रे! हात आहेत का जंगल आहे जी?"

"दुखेल का?"

"मले नाही दुखत."

पहिली पट्टी निघाली तशी रजतच्या तोंडून अशी काही किंकाळी निघाली, की दिवाणखान्यातून श्वेताने विचारलं, "कोण पडलं?"

आणि तेवढ्यात लाइट गेले. शूटिंग थांबलं. कुलरच्या वाळ्याचा ओला वास मात्र घरभर दरवळत राहिला. खिडकीशी बसून सोनिकाने त्याचा हात आपल्या तळव्यावर घेतला, आणि श्वेताच्या नखांसारखाच लाल रंग एकेका नखावर चढवायला लागली. हळूहळू… फुंकर घालत.

"हात कापून राहिला तुमचा."

"कुलरची हवा…"

"कुलर बंद आहे जी."

रजतचे कान नखांइतके लाल झाले. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तुमच्या कोराडीत एवढी वीज बनते, आणि इथं लाइट नाही?"

"आम्ही बनवून देतो. तुमाले सांभाळता येत नाही, त्याले आम्ही काय करावं?"

तो हसला. तिने विचारलं, काय वाजवणार आहात? तो बोटं टेबलावर टेकवणार, तोच ती ओरडली, "रंग ओला आहे!" मग त्याने हवेतच वाजवून दाखवलं. ती हनुवटीला हात लावून नीट बघत राहिली.

"आलं ऐकू?" त्याने विचारलं.

"थोडं थोडं…"

लाइट आले. श्वेताच्या कुर्त्यासारख्याच निळ्या बाह्या हातांत चढवून रजत ऑर्गनशी बसला, कॅमेरा त्याच्या बोटांवर. दिग्दर्शक "कट" म्हणाला तरी तो पुढे वाजवतच राहिला. ते जादाचं कुणासाठी होतं, हे कॅमेऱ्यामागे उभ्या सोनिकाला कळलं. तिने चटकन खाली पाहिलं.

दुपारी व्हरांड्यात ती कापसाने रंग पुसायला बसली. डावा हात झाला.

"उजवा राहू द्या थोडा," तो म्हणाला.

"काहून?"

"तो झाला की तुम्ही बस पकडाल…"

"बसेस लय आहेत जी कोराडीले." तिने त्याचा उजवा हात धरला. पुसायची घाई मात्र केली नाही.

"रजत! हे काय चालून राहिलं गा?"

फाटकात बाबाराव! श्वेताला भेट द्यायला दुकानातली पितळी समई घेऊन आलेले. रजतने असा काही हात ओढला, की बाटली कलंडली. त्याच्या तोंडून भराभर शब्द निघाले, एकेक खोटा.

"काही नाही बाबा… ही पार्लरवाली. श्वेताबाईंचा रंग माझ्या नखावर लावून पाहत होती. मी नाही नाही म्हणत होतो… मी तर हिले ओळखतही नाही!"

गलका ऐकून दिपालीताई बाहेर आल्या. बाबाराव त्यांच्यावर गरजले, "कशा पोरी ठेवता हो बाई? लोकाच्या पोराचा हात धरून बसते, काही लाज?"

 सोनिकाने रजतकडे एकदाच पाहिलं. चकाकी पाहून घेतलेलं भांडं घरी आल्यावर गळकं निघावं, तसं. मग कापसाचे बोळे गोळा करून ती आत गेली.

फोटो निघाला. श्वेता हसरी, रजतचा उजवा हात खिशात. भिंतीवर तो दिमाखात लागला, आणि त्या दिवसापासून रजत दुकानात गेला, की फोटोकडे पाठ करून बसायला लागला.

जाहिरात टीव्हीवर आली तेव्हा घरातले सगळे समोर होते. बाबाराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "बोटं पाहा पोरीची! याले म्हणतात वाजवणं!"

रजत उभा राहिला. "ते हात माझे आहेत, बाबा. त्या दिवशी मी खोटं बोललो. त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं… आणि मी तिले ओळखतो."

बाबारावांनी टीव्हीकडे पाहिलं, पोराच्या बोटांकडे पाहिलं. वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा आवाज खाली आला.

"मग मले तिच्यावर काहून ओरडू दिलं गा?"

 दुसऱ्या दिवशी रजतने कोराडीची बस धरली.

वीज केंद्राच्या कॉलनीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत सोनिका एका बाईच्या भुवया कोरत होती. दोरा दातांत. आणखी दोघी रांगेत. रजतने चपलाही न काढता सगळं सांगून टाकलं: घाबरलो, तुमच्यावर ढकललं, लाज वाटते. बायका कान टवकारून. सोनिकाने दातांतला दोरा काढला.

"झालं बोलून? हलकं वाटलं?"

"थोडं…"

"बरं झालं. मले दिपालीताईनं त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. नागपुरात कोणी बोलवत नाही आता."

 रजतला हे सुचलंच नव्हतं. महिनाभर तो आपलीच लाज कुरवाळत बसला होता.

"मी बाबाले घेऊन ताईंकडे जातो. उद्याच."

"आणि मी कोण म्हणून सांगाल? पार्लरवाली?"

तो आता कुठे चपला काढायला वाकला. खुर्चीतली बाई वैतागली. "सांग ना गा लवकर! माझी एक भुवई राहिली."

"सांगेन, की… माझं प्रेम आहे हिच्यावर."

सोनिकाने दोरा पुन्हा दातांत धरला. त्यामुळे ती हसली की नाही, ते कुणाला कळलं नाही. "आधी काम परत आणा जी," ती दातांतूनच म्हणाली. "बाकीचं मग ऐकीन."

बाबाराव गेले, दिपालीताईंपुढे मान खाली घालून बोलले. ताई "पाहू" म्हणाल्या, आणि पाहता पाहता दिवाळी आली तेव्हा कुठे सोनिकाला बोलावणं गेलं. तिने रजतला होकार दिला तो त्याच्यानंतर. कंपनीचे ऑर्गन खपले, श्वेताच्या बोटांची वाहवा झाली, रजतला घरात मान मिळाला आणि बायकोही. नुकसान भरलं ते एकट्या सोनिकाने, उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत. आणि पुन्हा कधी तिने ते बोलून दाखवलं नाही, म्हणून रजतला अजूनही तिच्या नजरेला नजर द्यायला एक क्षण जास्त लागतो.