आश्रय वसाहतीचा निर्भयांक

शाल्मली जामदार खांद्यावरची बॅग तशीच घेऊन प्रयोगशाळेत परतली, तेव्हा तिचे ज्येष्ठ सहकारी डॉ. मुजावर चहात बिस्किट बुडवत होते. तिचा चेहरा पाहूनच त्यांनी ओळखलं, की गेट आजही उघडलेलं नाही. तेवढ्यात बिस्किट तुटून चहात पडलं.

सोमवारी मिरजेच्या रुग्णालयात शाल्मलीची एक किडनी काढून तिच्या मोठ्या भावाला, रणधीरला, बसवायची होती. त्याला आता डायलिसिस सोसत नव्हतं. सर्जननी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की पुढचा आठवडा हाताशी आहे असं धरून चालू नका. घरात जुळणारी एकटी शाल्मलीच. आणि ती मात्र सांगलीजवळच्या आश्रय वसाहतीत, स्वतःच उभारलेल्या यंत्रणेच्या आत, गाठोड्यासारखी अडकून पडली होती.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना प्रश्न. शाल्मलीने तो सोडवला, पण मांजरांच्या बाजूने. तिचा विचार साधा होता. वस्ती किती सुरक्षित आहे हे माणसांना विचारलं, तर ती आपल्या गल्लीचा अभिमान सांगतात नाहीतर शेजाऱ्याची चहाडी. मोकळं फिरणारं मांजर यातलं काहीच करत नाही. सुसाट स्कूटर, सुटलेला कुत्रा, उगाच दगड उचलणारा हात, सगळ्यांची खबर आधी त्यालाच लागते. म्हणून तिने वसाहतीतल्या, घराबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मांजराच्या कानामागे तांदळाएवढा भयनोंदक बसवला. मांजर घाबरलं की त्याची नाडी आणि रक्तातली रसायनं बदलतात. भयनोंदक तेवढं टिपून वस्तीपालाला कळवतो.

वस्तीपाल म्हणजे वसाहतीचा यंत्रमेंदू. फाटकं, अडसर, लिफ्ट, दिवे, गाड्यांचा वेग, सगळं त्याच्या ताब्यात. त्याला काम एकच दिलेलं, मांजरांचं भय कमीत कमी ठेवायचं. मांजरं कशाला घाबरतात हे त्याला कोणी शिकवलं नाही. ते त्याने आपलं आपण शोधायचं आणि दूर करायचं. या सगळ्यातून निघणारा आकडा म्हणजे निर्भयांक. तो मुख्य गेटवरच्या फलकावर क्षणोक्षणी झळकत असे, आणि शंभराच्या जितका जवळ तितकी वसाहत मांजरांना सुखाची.

हे सगळं जमलं, आणि नको इतकं जमलं. गाड्या माणसाच्या चालीने जाऊ लागल्या. फटाके थांबले. ज्या मांजरांनी उभा जन्म गटाराच्या झाकणाखाली काढला होता, ती भर रस्त्यात पोट वर करून झोपू लागली, आणि त्यांची झोप पुरी होईपर्यंत गाड्या मुकाट उभ्या राहू लागल्या. मुलं निर्धास्त खेळत, म्हाताऱ्या उंबरठ्याबाहेर खुर्च्या टाकून बसत. मांजर सुखी तर माणूस सुखी, असं जो तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. वस्तीपालाची किल्ली मात्र कोणाकडेच नव्हती. तो हट्ट शाल्मलीचा. किल्ली असली की ज्याचं आधी डोकं फिरेल तो ती फिरवणार, असं तिचं म्हणणं. बदल करायचा तर शहरातल्या सगळ्या वसाहतींची परिषद भरायला हवी होती, आणि ती भरणार होती पुढच्या महिन्यात.

गेल्या महिन्यात शाल्मली तपासण्यांसाठी काही दिवस रुग्णालयात राहून आली. त्यानंतर एकदाही गेट तिच्यासाठी उघडलं नव्हतं. इतरांसाठी उघडे, पण ती जवळ उभी असली तर कोणासाठीच नाही. सकाळी तिथे गर्दी साचली होती. वसाहतीचे अध्यक्ष मगदूमकाका तिच्याजवळ येऊन अगदी मायेने म्हणाले होते, “बाळ, तू जरा मागं हो. मुलांची बस खोळंबली आहे.” ती मागे झाली आणि बस निघून गेली.

करून पाहण्यासारखं सगळं तिने करून पाहिलं होतं. रुग्णवाहिकेला वस्तीपाल अडवत नाही, म्हणून मुजावरांनी ती मागवली. तिच्यातल्या तपासयंत्राने शाल्मलीची नाडी, रक्तदाब, श्वास सगळं पाहिलं आणि ही बाई ठणठणीत आहे असं सांगून रिकामी गाडी परत नेली. ठणठणीत असणारच, त्याशिवाय किडनी कोण घेणार होतं? आग विझवणाऱ्यांना फोन केला, तर तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, की घरात सुखरूप असलेल्या बाईला नक्की कशातून सोडवायचं. राहता राहिलं कुंपण. मांजरांनी महामार्गावर जाऊ नये म्हणून त्याची गुळगुळीत जाळी वरून आत वाकवलेली. जिथे मांजराची नखं टिकत नाहीत, तिथे चाळिशी उलटलेल्या बाईची काय कथा.

“नोंदी स्वच्छ आहेत,” मुजावर म्हणाले. ते शेजारच्या गावातून रोज यायचे आणि संध्याकाळी बिनअडथळा परत जायचे, त्यामुळे त्यांना उगीच अपराधी वाटत होतं. “तू गेटकडं चालायला लागलीस की मांजरांचं भय चढतं. परत फिरलीस की उतरतं. वस्तीपाल त्याच्या हिशेबानं बरोबर करतोय.”

“मला घाबरतात ती,” शाल्मली म्हणाली. “का नाही घाबरणार, सर? सुकट दाखवून पिंजऱ्यात घेतलं ते मीच. सुई मीच टोचली, कानामागं चिरलं ते मीच.”

हे खरंच होतं. छोट्या प्रयोगशाळेत पकडणारा वेगळा, कापणारा वेगळा, काळजी घेणारा वेगळा अशी चैन नसते. शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत प्रत्येक मांजर तिच्याच घरी राहिलं होतं, तिच्या आईची जुनी सुती लुगडी फाडून केलेल्या अंथरुणावर. तापलेल्या मांजरांना तिने ड्रॉपरने पाणी पाजलं होतं. पण एकदा बाहेर सोडल्यावर एकालाही हात लावला नाही. निरीक्षकाने लळा लावायचा नसतो, नोंदी बिघडतात, हा तिचा नियम. मांजरं तिच्यामागे चार हात अंतर ठेवून यायची, ती थांबली की थांबायची. ते अंतर संशयाचं आहे असं ती समजत आली होती. चिंगळी नावाची एक बारकुळी करडी मांजरी तर रोज तिच्या स्कूटरच्या सीटवर बसून असे आणि ती आली की उतरून निघून जाई.

उपाय दोघांनाही एकच सुचला. भीती घालवायची. नियम गुंडाळून ठेवून शाल्मली दोन दिवस अंगणात ठाण मांडून बसली. तिने सुकट भाजून आणलं, दहीभात कालवला, माऊ माऊ करून हाका मारल्या. मांजरं बिचकत येतील अशी तिची अटकळ होती. ती धावत आली. एकाने मांडी बळकावली, दुसऱ्याने तिच्या पदराखाली डोकं खुपसलं, आणि चिंगळी तिच्या खांद्यावर चढून कानाशी घुरघुरत बसली. शाल्मलीला रडू आलं, आणि इतकी वर्षं आपण हे का टाळलं याचा तिला राग आला.

शनिवारी दुपारी फलकावर निर्भयांक शंभर झाला. वसाहतीने पेढे वाटले. शाल्मली बॅग उचलून निघाली, तर अंगणाच्या तोंडाशी असलेला अडसरच वर होईना. आतापर्यंत निदान गेटपर्यंत तरी जाता येत होतं. रणधीरचा फोन आला, तेव्हा ती निघतेच आहे असं खोटं बोलली. तो म्हणाला, सावकाश ये, गडबड करू नको. त्याला धाप लागत होती.

ती घराच्या वरच असलेल्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा मुजावर पडद्यावरच्या आलेखाकडे पाहत बसले होते. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“भय शून्यावर आलं आणि बंदी वाढली,” ते म्हणाले. “शाल्मली, आपण नोंद उलटी वाचली. तू येतेस म्हणून ती घाबरत नाहीत. तू जातेस म्हणून घाबरतात.”

ती पडद्याजवळ सरकली.

“तू तपासण्यांना गेलीस तेव्हाचा हा उंचवटा बघ. तुझा वास वसाहतीतून गेला आणि सगळी मांजरं कासावीस झाली. मोठं दुखणं ज्या अंथरुणात निभावलं, तिथला वास आहे तो. वस्तीपालाला प्रेम मोजता येत नाही. त्याला फक्त एवढंच कळलं, की ही वस्तू आत असली की भय उतरतं. दिवा तसा तू, जाळी तशी तू. आणि गेले दोन दिवस आपणच त्याची खात्री पटवून दिली.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. पण शाल्मलीला हसू आलं नाही. ती खिडकीशी गेली. खाली अंगणात मांजरं तिच्या दाराकडे तोंड करून बसली होती.

“मांजरं ज्याला घाबरतात, त्याचं वस्तीपाल काय करतो?” तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

“कोंडत नाही. कोंडलेला कुत्रा भुंकतच राहतो, भय काही कमी होत नाही. तो बाहेर काढतो. मगदूमांच्या अल्सेशियनसाठी सगळी फाटकं आपोआप उघडली होती, आठवतंय?”

“आणि परत?”

“तो कुत्रा अजून मगदूमांच्या मुलीकडे कुपवाडलाच आहे.”

मुजावरांनी विचारलं, की हे दुसऱ्या कोणी केलं तर चालेल का, मी करू का. चालणार नव्हतं. भय तिचंच बसायला हवं होतं, आणि मांजरांची खात्री पटायला हवी होती. मांजर एक मोठा दगा जन्मभर लक्षात ठेवतं, हे या दोघांनीच कधीतरी सिद्ध केलं होतं.

रविवारी सकाळी शाल्मली पाण्याची बादली, पितळी परात आणि पळी घेऊन अंगणात उतरली. बॅग पाठीला होती. तिने नेहमीसारखी माऊ माऊ हाक मारली, कारण हाकेशिवाय ती सगळी एकत्र आली नसती. आली. शेपट्या उभ्या करून आली. सगळी पायाशी गोळा होईपर्यंत ती थांबली, आणि मग तिने परातीवर पळी हाणली.

पितळेचा तो आवाज इमारतींच्या मधे कोंडून परत परत आला. मांजरं उधळली. तिने बादली भिरकावली, कोपऱ्यात अडकलेल्यांच्या अंगावर धावून गेली, घसा फुटेपर्यंत ओरडली. गॅलऱ्यांतून माणसं डोकावू लागली. कोणीतरी म्हणालं, बाईला भावाच्या काळजीनं वेड लागलं. अडसर वर झाला. ती वाजवत, ओरडत गेटकडे धावली. गेट हाललं, हातभर सरकलं आणि थांबलं.

चिंगळी तिच्या मागोमाग आली होती. भिजून अर्धी झालेली, कान पाडलेली, पण आलेली. एवढ्या गोंगाटात भ्यायचं तर कोणाच्या आसऱ्याला जायचं, हे तिला एकच ठाऊक होतं. ती शाल्मलीच्या पायाला अंग घासू लागली. शाल्मलीने परात तिच्या कानाशी वाजवली. चिंगळी थरथरली आणि आणखी चिकटली.

शाल्मलीला सरकलेल्या फटीतून बाहेरचा रस्ता दिसत होता. तिला रणधीरची धाप आठवली. तिने डोळे मिटले नाहीत, तेवढं तरी चिंगळीला देणं लागतं असं तिला वाटलं. मग तिने पाय मागे घेऊन त्या मांजरीला लाथ मारली. मांजरी कुंपणावर आपटून खाली पडली, उठली आणि मागे वळून न पाहता पळाली. गेट सताड उघडलं. पुढच्या चौकातला सिग्नल हिरवा झाला, आणि वसाहतीची एक बिनचालक रिकामी गाडी दार उघडून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. वस्तीपालाला आता तिला दूर न्यायची घाई झाली होती.

शस्त्रक्रिया चांगली झाली. रणधीरला भूक लागू लागली, तो परिचारिकांशी वाद घालू लागला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मुजावरांनी कळवलं, की चिंगळीचा पाय तेवढा मुरगळला होता, आता ती नीट चालते. शाल्मलीने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

टाके सुकल्यावर रणधीर स्वतः गाडी चालवत तिला घरी सोडायला आला. गेटसमोर ती उतरली. फलकावर अठ्ठ्याण्णव होतं. ती दोन पावलं पुढे गेली आणि ब्याण्णव झालं. आत जाळीपलीकडे, तिच्या धूळ बसलेल्या स्कूटरच्या सीटवर चिंगळी होती. तिने मान वर केली, वारा हुंगला, आणि सीटवरून उडी मारून दिसेनाशी झाली. आकडा झरझर उतरू लागला. गेट हाललं नाही.

“मुजावरांना फोन लाव की,” रणधीर मागून म्हणाला. “काहीतरी करतील ते.”

काय करायचं हे तिला मुजावरांपेक्षा चांगलं माहीत होतं. ती एक पाऊल मागे सरली. उतरणारा आकडा थांबला. आणखी मागे गेली, तसा तो चढू लागला. गाडीला वळसा घालून, फलकावरची नजर न काढता ती मागे मागे चालत राहिली. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला तिची टाच लागली, तेव्हा फलकावर शंभर झालं. ती तिथेच उभी राहिली.