ठोसरांची गाडी उठेना

पावसाळा संपला आणि शिरवळच्या आगारात चार महिने विसावलेल्या घरगाड्या आपापल्या मालकांबरोबर हिंडायला बाहेर पडल्या. मागे राहिली ती एकच, ठोसरांची. आगाराला लागून असलेल्या प्रयोगशाळेत ती उभी होती आणि तिच्या पोटातली बॅटरी काही केल्या उठत नव्हती.

ही बॅटरी, म्हणजे 'निद्राघट', डॉ. हेमांगी टिळेकर यांनी घडवली होती. सहा वर्षं त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं. आगाराचे संचालक सुदीप वझलवार यांनी त्या सकाळी येऊन अगदी शांतपणे सांगितलं, की दुपारपर्यंत ही गाडी जागी झाली नाही तर निद्राघट बाद करून पुन्हा जुन्याच बॅटऱ्या बसवायच्या. ते रागावले असते तर हेमांगींना वाद तरी घालता आला असता.

"मला एकदा नीट कळू द्या," वझलवार म्हणाले. "बॅटरी मेलीये की झोपलीये?"

"झोपलीये. साधी बॅटरी नुसती उभी राहिली तरी उतरते. गाडीतलं घड्याळ, चोरघंटा, दमट हवेतली गळती, सगळे थोडी थोडी वीज खातात. पार उतरली की ती कायमची बिघडते. म्हणून पूर्वी मालकांना भर पावसात येऊन चार्जिंग करावं लागायचं. निद्राघटात एक थर आहे. गाडी वापरात नसली की तो गोठतो आणि वीज बाहेर जातच नाही."

"आणि वितळतो कधी?"

"ओळखीची माणसं आली की. गळती वीज ओढते ती एकसारखी. माणूस कशीही ओढतो. आधी दिवा लावतो, मग चहाचं पाणी ठेवतो, मध्येच काहीतरी बंद करतो. प्रत्येक घराची ही ओढ वेगळी असते, आणि थराला ती सवयीने कळते. दिवा लागला नाही तरी बटण दाबल्याचं घटाला जाणवतं. ओळख पटली की थर वितळतो."

मग ती सवय वाचून का काढत नाही, असं वझलवारांनी विचारलं. ते शक्य नव्हतं. सवय थराच्या घडणीतच मुरलेली असते, बाहेरून दिसत नाही. थर कोरा करून पहिल्यापासून शिकवता आला असता, पण दरवर्षी तसंच करायचं तर निद्राघट हवा कशाला? हेमांगी हे बोलल्या नाहीत. वझलवारांनाही ते कळत होतं.

तेवढ्यात ठोसर पतिपत्नी आली. यशवंतराव भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, कुमुदिनीबाईंनी शाळेत चित्रकला शिकवलेली. निद्राघट घेणारं हे पहिलं गिऱ्हाईक, म्हणून आगारात त्यांचं भारी कौतुक. पावसाळ्यानंतर ती दोघं प्रथम आली तेव्हा वझलवार पेढे घेऊन स्वतः स्वागताला उभे होते. त्या दिवशी गाडी उठली नाही. दुसऱ्या खेपेला सगळे कर्मचारी बघायला जमले, तेव्हाही नाही. आजची तिसरी खेप.

नेहमी करता तसंच करा, असं सांगून हेमांगी गाडीतच एका कोपऱ्यात बसल्या आणि वझलवार दाराशी उभे राहिले. इस्त्रीची साडी सावरत कुमुदिनीबाईंनी दिव्याचं बटण दाबलं, किटलीचं दाबलं. पंखा लावू का, असं यशवंतरावांनी अदबीने विचारलं. लावा ना, त्या म्हणाल्या, तुम्हांला उकडत असेल. इतकं गोड चाललं होतं की वझलवारांना आपल्या घरची आठवण येऊन वाईट वाटलं. गाडी ढिम्म.

अखेर वझलवार मुख्य कचेरीला फोन करायला निघून गेले. हेमांगींना रडू येत होतं. तुम्हांला उगाच फेऱ्या पडल्या, असं म्हणून त्या चहा आणायला गाडीतून उतरल्या. कप घेऊन परतताना आतून आवाज आले.

"तो पंखा बंद करा आधी. गार वारा बाधतो मला, हे काय आज सांगायचं?"

खट्.

"अगं, फिरतोय कुठे तो?" खट्.

"फिरत नाही म्हणून काय झालं? मध्येच सुरू झाला म्हणजे?" खट्.

"मला उकडतंय." खट्.

"उकडू दे." खट्.

आणि दिवे लागले. फ्रिज घुरघुरला, किटली सूं सूं करायला लागली. एकटा पंखा तेवढा बंद होता, कारण शेवटचा हात कुमुदिनीबाईंचा पडला होता.

आता हेमांगींना उलगडा झाला. चार लोकांत भांडायचं नाही, हा ठोसरांच्या घरचा नियम. तिन्ही खेपांना समोर लोक होते, म्हणून दोघं शहाण्यासारखी वागली होती, आणि निद्राघटाने त्या शहाण्या माणसांना परकं ठरवलं होतं. ज्या कामासाठी तो घडवला होता, तेच त्याने चोख केलं होतं. वझलवार धावत आले, सगळं ऐकून पोट धरून हसले आणि त्यांनी मुख्य कचेरीला दुसरा फोन केला. यापुढे गाडी जागी करताना मालकांजवळ कोणी थांबायचं नाही, असंही ठरलं. कुमुदिनीबाई लाजून लाल झाल्या होत्या.

निघताना यशवंतरावांनी हळूच विचारलं, "आमच्यातलं एकच उरलं, तर ही उठायची नाही ना?"

हेमांगींना खोटं बोलवेना. "नाही उठणार. ही ओढ दोघांची आहे. तेव्हा मी थर कोरा करून देईन."

"काही कोरा करायचा नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "हे नसले तर यांच्या वाटचं बटण मी दाबीन आणि मीच बंद करीन. यांच्या खोडी मला पाठ आहेत."

"आणि तू नसलीस तर?"

"तुम्ही नुसता पंखा लावून बसाल. बंद कोण करणार? म्हणून मागे राहायचं काम मी माझ्याकडे घेतलंय."

यशवंतराव चाकामागे जाऊन बसले. त्यांनी गाडी सुरू केली, आणि मागच्या काचेतून हेमांगींना पंखा फिरताना दिसला. आगाराचं अर्धं अंगण ओलांडलं तरी तो फिरतच होता. कुमुदिनीबाई आज त्यांना काही म्हणत नव्हत्या. हेमांगींना काळजी लागली. नुसता फिरता पंखा म्हणजे गळतीसारखीच एकसारखी ओढ. बाई अशा विरघळल्या आणि हीच सवय पडली, तर पुढच्या वर्षी ही गाडी उठवायची कशी?

फाटकाशी पंखा बंद झाला. हेमांगींनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.