चार मिनिटं सहा सेकंद

आधीच सांगते. या गोष्टीत स्मशान नाही, पिंपळ नाही आणि पांढऱ्या साडीतली बाईसुद्धा नाही. भर दुपारी, शहापूरच्या एका दुमजली इमारतीत घडलेली गोष्ट आहे. घडली ती माझ्याबाबतीत, त्यामुळे ती खरी की खोटी यावर मी कोणाशी वाद घालत बसणार नाही.

मी पौर्णिमा. आसनगावला राहते. आमच्या घरात भूतखेत, देवदेवस्की काही मानत नाहीत. अंधाराची भीती वाटली तर दिवा लावून बघायचं, हे वडिलांनी लहानपणीच शिकवलेलं. मी तशीच वाढले.

साल २००९.

तेव्हा मी शहापूरच्या एका संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायचे. संस्थेची माणसं शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायची. म्हाताऱ्यांच्या गोष्टी, लग्नातली गाणी, झाडपाल्याची औषधं, काय मिळेल ते. सगळं एका लिनक्स सर्व्हरवर जमा व्हायचं. सर्व्हर आतल्या कुलूपबंद खोलीत. मी बाहेरच्या टेबलावर बसून ब्राउझरमधून त्याचा कारभार बघायचे.

कारभार म्हणजे जागेची उस्तवार. सर्व्हरमध्ये दोन तऱ्हेच्या डिस्क होत्या. थोड्या वेगवान आणि महागड्या, बाकीच्या मोठ्या आणि संथ. घरात कसं, रोजची भांडी मांडणीवर आणि सणाची माळ्यावर. आम्ही नावंच तशी देऊन टाकली होती, मांडणी आणि माळा. एखादी फाईल नव्वद दिवस कोणी उघडली नाही की आपोआप माळ्यावर जायची. कोणी उघडली की परत मांडणीवर यायची. ती कुठे आहे आणि शेवटची कधी उघडली, हे मला स्क्रीनवर दिसायचं.

मार्चमध्ये मांडणी भरत आली. मी जुन्या फाईली स्वतःच माळ्यावर पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी एक परत आली होती.

फाईल क्रमांक ४१७.

पुन्हा पाठवली. दुसऱ्या दिवशी... पुन्हा मांडणीवर.

म्हणजे कोणीतरी ती उघडत होतं. पासवर्ड माझ्याशिवाय फक्त बाळाराम सरांकडे. सर संस्थेचे प्रमुख, राहायला मुरबाडला, आणि माऊस हातात धरला तरी त्यांना घाम फुटायचा. मी उघडल्याची वेळ बघितली.

दुपारी दोन चाळीस. आदल्या दिवशीही दोन चाळीस.

आता हे नीट ऐका. तेव्हा आमच्याकडे रोज दोन ते साडेचार लोडशेडिंग असायचं. आमची बॅटरी म्हातारी झालेली, म्हणून पावणेदोनला मी स्वतः सर्व्हर बंद करायचे आणि साडेचारला चालू करायचे. म्हणजे दोन चाळीसला ते मशीन...

बंद असायचं.

मी सर्व्हरचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं. मग हेडफोन लावून फाईल ऐकली. लांबी चार मिनिटं सहा सेकंद. एक मुलगी खेकडे कसे धरायचे ते सांगत होती. बिळात हात कसा घालायचा, नांगी कुठून मोडायची. मध्येच तिला हसू फुटतं, कोणीतरी दटावतं, मग पुन्हा सांगायला लागते. गोड पोर.

वहीत नोंद होती. प्रेमा, वय दहा, तानसा भागातला एक पाडा, २००७.

मी सरांना विचारलं. ती मुलगी त्याच वर्षी दिवाळीनंतर तलावाच्या बाजूला सरपण आणायला गेली आणि परतली नाही, असं त्यांनी सांगितलं. खूप शोधलं. काहीच सापडलं नाही. घरच्यांकडे तिचा फोटोसुद्धा नव्हता. आमच्या कॅसेट आम्ही सर्व्हरवर घेतल्या की पुसून परत वापरायचो, त्यामुळे जगात तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या फाईलमध्ये.

सर म्हणाले, तिच्या आईला बोलावून एकदा ऐकवू. मलाही ते पटलं. आज वाटतं, नसतं पटलं तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये चिमीबाई आल्या. पाड्यावरून पायी खाली, मग जीपने शहापूर. वय माझ्याएवढंच असेल, दिसायच्या मात्र पन्नाशीच्या. मी त्यांच्या कानांवर हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटले. मुलगी हसली तिथे त्याही हसल्या. मला रडू येत होतं.

चार मिनिटं झाली. फाईल संपली असं समजून मी हेडफोन काढायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

अजून ऐकत होत्या...

मग स्वतःच हेडफोन काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हाक मारली तिनं."

मी मान डोलावली. बिचारीला भास झाला, दुसरं काय. त्या गेल्यावर सहज स्क्रीनकडे बघितलं.

चार मिनिटं एकोणीस सेकंद.

मी शेवटचे तेरा सेकंद ऐकले. आधी काहीच नाही. नुसता वारा. मग लांबून... पाण्यापलीकडून यावी तशी...

"आये..."

मी हेडफोन ओढून काढला.

मे महिन्यात चिमीबाई पुन्हा आल्या. त्या दिवशी दोन हाका होत्या. दुसरी पहिलीपेक्षा जवळून. ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्याकडे बघवेना. तुम्ही ओ का देत नाही, असं मी विचारलं. वेड्यासारखा प्रश्न, पण विचारला.

"आमच्यात पयल्या हाकेला ओ देत नाय," त्या म्हणाल्या. "दुसरीलापन नाय. कोन आसल काय ठावं? तिसरी आली का ती आपलीच. तिसरीला ओ द्यायची आन् जायाचं."

"कुठे जायचं?"

"ती आसल तिथं."

चार दिवसांनी त्यांचे यजमान आले, लखमा. पायरीवरच बसले, वर येईनात. पायातल्या चपला काढून हातात धरलेल्या. चिमीने शेळ्या बहिणीला देऊन टाकल्या, गळ्यातली डोरली काढून डब्यात ठेवली, असं त्यांनी सांगितलं. घरात तीन वर्षांचा मुलगा, बंटी. आता तो लखमांच्या आईच्या कुशीत झोपतो. चिमी त्याला जवळ घेत नाही, सवय मोडायला हवी म्हणते.

"बाई," ते म्हणाले, "तिला तिसरी ऐकवू नका. मी येकट्यानं ल्हान पोराचं काय करू?"

मी त्यांना शब्द दिला.

मग माझी धडपड सुरू झाली. फाईल माळ्यावर टाकली, सकाळी मांडणीवर. परवानग्या काढून घेतल्या, म्हणजे मलाही उघडता येईना. तरी शेवटची उघडल्याची वेळ... दोन चाळीस. माळ्याची डिस्कच बंद करून बघितली. काही फरक नाही. फाईल पुसावी तर त्या पोरीचा एवढाच आवाज उरलेला, तो मी कोण पुसणार? दुसरीकडे उतरवून घ्यायला गेले तर उतरलेल्या फाईलमध्ये नुसती खरखर. चिमीबाईंना येऊ नका म्हणून निरोप धाडला, तर बुधवारी येते असा उलटा निरोप आला. ज्या स्क्रीनवर मी दोन वर्षं राज्य केलं होतं, तिथे आता माझं कोणी ऐकत नव्हतं.

शेवटी ठरवलं, चार मिनिटं सहा सेकंदांनंतरचं कापून टाकायचं. मूळ बोलणं राहील, हाका जातील.

१६ जून, मंगळवार. चिमीबाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

फाईल उघडली. लांबी चार मिनिटं एकावन्न. कुठून कापायचं ते बघायला ऐकणं भाग होतं. खेकडे, हसू, दटावणं. मग वारा. पहिली हाक. दुसरी हाक.

आणि लाईट गेली.

पावणेदोन कधीच होऊन गेले होते, लाईट त्या दिवशी अर्धा-पाऊण तास उशिरा गेली. सर्व्हर बंद करायचं त्या दिवशी मी साफ विसरले. बॅटरीने दोन शिट्ट्या मारल्या आणि ती पण बसली. पंखा थांबला. मी हेडफोन काढून ठेवला. डोक्यात एकच, फाईल अर्धवट उघडी होती, ती बिघडली तर त्या बाईला मी काय सांगू? खाली वाकून टेबलाखालच्या वायरी चाचपायला लागले.

आणि आतल्या खोलीतून...

"आये..."

माझी पल्लवी तेव्हा चार वर्षांची होती. ज्यांच्या घरी चार वर्षांचं पोर आहे त्यांना कळेल. दिवसाला शंभर हाका येतात आणि शंभर वेळा तोंडातून आपोआप उत्तर जातं. हातातलं काम थांबतही नाही.

मी वायरी चाचपता चाचपता म्हणाले, "ओ..."

मग कळलं मी काय केलं.

आतून पुन्हा आवाज आला नाही. भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते.

त्या दिवशी लाईट आल्यावर फाईल बघितली. चार मिनिटं सहा सेकंद. कापायला काही उरलंच नव्हतं.

बुधवारी चिमीबाई आल्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या. ऐकलं. संपलं तरी हेडफोन लावून बसून राहिल्या. अर्धा तास, पाऊण तास. मी एकदाही त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही. उठताना म्हणाल्या, आज काय बोलली नाय. जुलैतही तेच. ऑगस्टमध्येही. लखमा एकदा येऊन हात जोडून गेले, बायको पुन्हा पोराला घेऊन झोपते म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता.

पण दर महिन्याला ती बाई माझ्यासमोर बसून त्या वाऱ्याची वाट बघायची, आणि तो वारा मी संपवला होता.

दिवाळीच्या आधी मला राहवलं नाही. त्यांचा हात धरून सगळं सांगून टाकलं. तिसरी हाक आली होती. मी ओ दिली. चुकून दिली.

त्या चिडतील, रडतील, मला मारतील, सगळ्याची तयारी होती. तसं काही झालं नाही.

"मंग ती तुज्याकडं आली," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात सोडला.

"त्या दिशी पोर न जेवता गेली गो. मीच बोलले, आदी लाकडं आन, मंग जेव." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता तू ओ दिलीस ना, तर तिला उपाशी ठेवू नको."

एवढं बोलून त्या जिना उतरल्या. परत कधी आल्या नाहीत. नव्वद दिवस झाल्यावर ४१७ नंबरची फाईल आपोआप माळ्यावर गेली, बाकीच्या फाईली जातात तशी, आणि पुन्हा कधी खाली आली नाही. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली.

मी अजूनही काही मानत नाही. वडिलांनी विचारलं तर तसंच सांगेन. आमच्या घरात माणसं तीनच. मी, हे आणि पल्लवी. मी रोज दुपारी चौघांचा भात लावते.

उरत नाही.