आठ दिवस राखून ठेवलेलं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. कुणावर जबरदस्ती नाही.

असल्या गोष्टी अमावस्येच्या रात्रीच घडतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही घडली मंगळवारी, भर दुपारी दीड वाजता, लोणावळ्याच्या बाजारात. साल दोन हजार तेवीस, महिना डिसेंबर. ऊन इतकं लख्ख होतं की समोरच्या चिक्कीच्या दुकानाच्या काचेवर बोटांचे ठसे दिसत होते.

आणि जिच्या बाबतीत घडली ती यशोधरा भुताखेतांना मानणारी बाई नव्हे. तिच्या घरात कधी कुणी लिंबू उतरवलं नाही की अंगारा लावला नाही. सकाळी बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची आणि कामाला जुंपून घ्यायचं, एवढंच तिला ठाऊक.

यशोधरा तळेगावजवळच्या इंदुरीची. वय बेचाळीस. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. घरात ती आणि तिची आई, विठाबाई. दोन वर्षांपूर्वी आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून म्हातारी दिवसभर दारातल्या खाटेवर. सकाळी यशोधरा तिचं सगळं उरकायची, टमटम पकडून तळेगाव स्टेशनला यायची आणि तिथून लोकलने लोणावळा. दुपारचं ताट शेजारच्या नंदाबाई देऊन जायच्या. बाकी दिवसभर म्हातारी आणि समोरचा रस्ता.

यशोधराचा बाजारामागच्या गल्लीत छोटा गाळा होता. जुन्या बायकी वस्तूंचा. मण्यांच्या पर्स, शिंगाचे कंगवे, दाबून बसवायचे कानातले, रेशमी स्कार्फ, साडीपिना. लोणावळ्यात जुने बंगले विकले जातात तेव्हा कपाटंही रिकामी होतात. त्यातलं ती उचलायची, धुवायची, तुटलेली कडी बसवायची आणि स्वस्तात विकायची. गिऱ्हाईक म्हणजे नर्सबाया, हॉटेलात रिसेप्शनला बसणाऱ्या मुली, शाळेतल्या बाई.

विकायची तऱ्हा मात्र उफराटी.

"तीन कशाला गं? एकच घे. चार कपड्यांवर चालेल ती घे."

एखादीचा जीव वस्तूवर घुटमळला की यशोधरा ती लगेच द्यायचीच नाही. आधी नाव विचारायची. जुन्या कॅलेंडरच्या चिठोऱ्यावर ते लिहायची, पांढऱ्या दोऱ्याने वस्तूला बांधायची, दुहेरी गाठ मारायची आणि बिस्किटाच्या मोठ्या डब्यात ठेवून द्यायची.

"आठ दिवस राखून ठेवते. आठ दिवसांनीही आठवली, तर ये. तुझीच आहे."

गिऱ्हाईक आलं नाही तरी ती लगेच चिठी काढायची नाही. अजून आठ दिवस वाट बघायची. असा धंदा करून कुणी बंगला बांधत नाही, पण बायका तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायच्या.

नोव्हेंबरात तुंगार्लीच्या एका बंगल्याचा राखणदार, कोंडाजी, एक ट्रंक घेऊन आला.

"बाईसायबांची हाय, ताई. पोरं परदेशात. फोनवर म्हनली, टाकून द्या. माजा हात हुईना."

ट्रंक उघडली तर डांबरगोळ्यांचा वास भपकन आला. आत सगळं जपून, मऊ कापडात गुंडाळलेलं. निळ्या मण्यांची पर्स. मोत्याचे कानातले. आणि एक शालीची पिन... पानाच्या आकाराची, मधे हिरवा खडा.

ती पिन यशोधराने दुकानात मांडलीच नाही. सरळ घरी नेली. विठाबाईंचा डावा हात चालत नसे, शाल सारखी खांद्यावरून घसरायची आणि थंडीत म्हातारी तशीच उघडी बसून राहायची. पिन लावल्यावर शाल घट्ट बसली. विठाबाईंनी जन्मात पहिल्यांदा आरसा मागितला. यशोधराला बरं वाटलं. फार दिवसांनी वाटलं.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, एक बाई आली.

कधी आली ते कळलं नाही. यशोधरा खाली बघून एका पर्सची चेन लावत होती. मान वर केली तर बाई समोर उभी. साठ-पासष्टची, फिकट साडी, हाडापेराने बारीक. चेहऱ्यावर थकवा... यशोधराला ओळखीचा वाटावा असा.

गल्लीत एक कुत्रं रोज गाळ्याच्या फळीखाली पडलेलं असायचं. त्या वेळी ते तिथे नव्हतं.

बाईने निळ्या मण्यांची पर्स उचलली. त्या पर्सचा खटका उघडायला यशोधराला अर्धा तास लागला होता. तो पुढे नव्हता, आतल्या शिवणीत लपवलेला होता.

बाईने बघितलंही नाही. बोट फिरवलं...

टक्.

उघडली.

"राखून ठेवू?" यशोधराने सवयीने विचारलं. "नाव काय लिहू?"

बाई नुसती हसली. मग बोलत बसली. थंडीचं, बाजाराचं, काहीबाही. निघताना एवढंच म्हणाली, "ठेवा. मी येईन."

नाव राहूनच गेलं. यशोधराने चिठी कोरीच बांधली.

पुढच्या मंगळवारी डबा उघडला तर पर्स नव्हती.

दोरा होता. चिठी होती. दुहेरी गाठ जशीच्या तशी. दोरा कुठे तुटलेला नाही, गाठ सुटलेली नाही... आणि त्या वाटोळ्या फासात काहीच नाही.

यशोधराने डबा दोनदा उपसला. आपणच कुणाला तरी दिली असणार, म्हणाली. दमलेल्या माणसाला स्वतःवर संशय घेणं सोपं जातं.

त्याच दुपारी बाई पुन्हा आली. या खेपेला मोत्याचे कानातले. आरशात न बघता घातले आणि बरोब्बर बसले. पुन्हा कोरी चिठी. आठ दिवसांनी डब्यात पुन्हा रिकामा फास.

तिसऱ्या मंगळवारी यशोधराला धड उभंही राहवत नव्हतं. रात्रभर आईला खोकला झाला होता, तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. बाई कधी आली, किती वेळ बसली, तिला धड आठवत नाही. आठवतो तो प्रश्न.

"शालीची पिन होती ना? हिरव्या खड्याची?"

"ती आईला दिली हो मी," यशोधरा म्हणाली. "हात चालत नाही तिचा. शाल घसरते."

"कुठे असतात त्या?"

"इंदुरीला. बुद्धविहारामागे घर आहे. दारातच बसलेली असते."

"एकट्याच?"

"एकटीच."

"दिवसभर?"

"दिवसभर. काय करणार, मला यावंच लागतं."

बाईने मान हलवली. मग "बरं" म्हणाली.

यशोधराने चहाचा कप उचलला, एक घोट घेतला... आणि तिचा हात तिथेच थांबला.

पिन तर तिने दुकानात मांडलीच नव्हती. कुणाला दाखवलीही नव्हती.

तिने मान वर केली. समोर कुणी नव्हतं. गल्लीच्या दोन्ही तोंडांना ऊन, आणि ऊन सोडून काही नाही. डांबरगोळ्यांचा वास मात्र होता.

तिने कोंडाजीला फोन लावला.

"भाऊ, तुमच्या बाईसाहेब कशा होत्या दिसायला?"

कोंडाजीने सांगितलं. फिकट साडी. बारीक अंग.

"लय एकटी बाई, ताई," तो बोलतच राहिला. "वीस वर्सं त्या बंगल्यात. बोलायला मानूस न्हाई. दर मंगळवारी बाजारला जायच्या. घ्यायच्या काय न्हाईत, नुसत्या दुकानात बोलत बसायच्या. आन् मी गावाला गेलतो तवा... खुर्चीतच गेल्या. दोन दीस कुनाला पत्ता न्हाई."

"कधी?"

"गेल्या वर्साला. डाक्टर म्हनला, मंगळवारीच. दुपारचं."

यशोधराने शटर ओढलं. त्या वेळेला लोकल नव्हती. हायवेला उभी राहून तिने मिळेल ती गाडी पकडली. नंदाबाईंना फोन लावत होती, त्या उचलत नव्हत्या. कामशेतजवळ गाडी ट्रकांमागे अर्धा तास अडकली. आपण त्या बाईला पत्ता दिला... घराच्या खुणेसकट दिला. आई एकटी असते हेही आपणच सांगितलं. तिला रडायलाही त्राण नव्हतं.

घरी पोचायला चार वाजले.

विठाबाई खाटेवर बसलेल्या होत्या. शाल जागेवर, पिन जागेवर. चेहरा हसरा.

"आई! कुणी आलं होतं?"

"व्हय की. आत्ताच गेली. लय चांगली बाई. मी जयभीम म्हनलं, ती हसली."

खाटेसमोर घरातली खुर्ची मांडलेली होती. ती विठाबाईंना उचलणं शक्य नव्हतं.

मग यशोधराचं लक्ष आईच्या केसांकडे गेलं. सकाळी घाईत तिने नुसता बुचडा बांधला होता. आता मधोमध सरळ भांग होता, तेल लावून चापून विंचरलेले केस, मागे घट्ट अंबाडा. एका हाताने तसा अंबाडा कुणाला घालता येत नाही.

"पिन मागितली तिने?"

"न्हाई गं. म्हनली, तुमालाच ऱ्हाऊ दे. शोभती."

"मग काय बोलली?"

"ती कुटं बोलली? मीच बोलत हुते. माज्या म्हायेरचं इचारलं तिनं. तुज्या बाचं इचारलं. समदं ऐकून घेतलं." विठाबाई थांबल्या. रागाने नाही, सहजच म्हणाल्या, "तू कवा बसलीस गं माज्यापाशी?"

यशोधराच्या काळजाला ते लागलं. ती खाली बसली आणि तिने आईचा हात हातात घेतला.

लुळ्या मनगटाला पांढरा दोरा होता.

दुहेरी गाठ. आणि गाठीला कॅलेंडरचा चिठोरा... कोरा.

तिने कात्री आणून दोरा कापला. घाईत आईच्या कातडीला कात्री लागली.

"कशाला तोडलास?" विठाबाई चिडल्या. "आठ दिसांनी येते म्हनली ती. तवर कुटं जाऊ नका म्हनली."

तळेगावहून यशोधराचा भाऊ धम्मदीप आला. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, तू दमलीयस. दुसरं काही नाही." नंदाबाई मात्र त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या दुपारी ताट द्यायला आल्या तेव्हा दारात थबकल्या होत्या. म्हातारी समोरच्या खुर्चीशी बोलत होती. मधेच थांबून, ऐकून, मान हलवून पुन्हा बोलत होती. खुर्ची रिकामीच दिसत होती, पण पुढे पाऊल टाकवेना, म्हणून ताट पायरीवर ठेवून त्या माघारी फिरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी यशोधराने ट्रंक, उरलेल्या वस्तू, पिनसुद्धा, सगळं कोंडाजीला परत दिलं. पण ती बाई पिनेसाठी आली नव्हती, हे तिला कळत होतं.

आठ दिवस ती आईपाशी बसून राहिली. आठव्या दिवशी, मंगळवारी, दीड वाजता हवेत तो वास आला. विठाबाईंनी रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान फिरवली.

"आज न्हाई यायची."

"का?"

"तू हाईस नव्हं."

यशोधराने आणखी आठ दिवस धरले. गिऱ्हाईकाला ती स्वतः देते तेवढे. त्याही मंगळवारी वास आला आणि गेला. मग महिना. मग दीड महिना. तोवर घरातला पिठाचा डबा खडखडू लागला. धम्मदीपला रजा नव्हती. नंदाबाई उंबरा ओलांडायला तयार नव्हत्या. आणि विठाबाई दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. लेक समोर बसलेली असायची, पण रात्ररात्र जागून ती बसल्या बसल्या पेंगायची. दोघींमध्ये बोलणं असं काही होत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी विठाबाई पहाटेच जाग्या झाल्या. चालत्या हाताने त्यांनी स्वतःच केस मोकळे सोडले. उन्हात बसून म्हणाल्या, "यशे, जा की आता कामाला. लोकल चुकंल."

"आणि तू?"

"माजी नको काळजी करू."

यशोधरा दारात उभी राहिली. किती वेळ उभी राहिली, तिलाच माहीत. मग तिने पिशवी उचलली आणि ती गेली.

पुढचं ती आजही थोडक्यातच सांगते. विठाबाई आहेत. अजून आहेत. त्या दुपारी काय झालं ते लेकीने विचारलं नाही आणि आईनेही सांगितलं नाही. पण यशोधराला राहून राहून आठवतं ते वेगळंच. तळेगावला ती लोकलमध्ये खिडकीपाशी बसली, वडगाव मागे गेलं, आणि तिला झोप लागली. कितीतरी महिन्यांनी लागली, गाढ, लहान मुलासारखी. लोणावळ्याला शेजारच्या बाईने हलवून उठवलं.

आईपाशी आज कुणीतरी आहे, एवढंच तिच्या मनात होतं.